लोहाराच्या मुलाने गिअर पुसून टाकला

हब फान डोर्नचा जन्म १ जानेवारी १९०० रोजी अमेरिकेत झाला. थांबा, तुमच्या डोक्यात आली ती अमेरिका नाही! नेदरलँड्सच्या लिम्बर्ग प्रांतात अमेरिका नावाचं एक छोटंसं खेडं आहे. तिथल्या एका लोहाराच्या घरात, नव्या सालाच्या पहिल्याच दिवशी हा मुलगा जन्माला आला. पुढे त्याने असं एक यंत्र गाडीत बसवलं की ज्याचे भाऊबंद आज आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये रांगेने उभे असतात. तुमची गिअरलेस स्कूटर त्यातलीच. आणि कारच्या जाहिरातीत दिसणारी सीव्हीटी ही तीन अक्षरं, तीही त्यातलीच.

सीव्हीटी म्हणजे कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन. मराठीत सरळ सांगायचं तर पायऱ्या नसलेला गिअर. साध्या गाडीत पहिला, दुसरा, तिसरा असे ठरलेले टप्पे असतात, म्हणजे जिना. सीव्हीटी म्हणजे जिन्याऐवजी उतरण: कुठेही थांबा, कुठूनही पुढे जा. ही उतरण रोजच्या वापरातल्या कारमध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कुणी आणली, तर या हबने. गंमत म्हणजे त्याचं नाव आपल्यापैकी फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

भाता, ऐरण आणि एक बिघडलेली गाडी

हबचे वडील लोहार. घरात भाता आणि ऐरण. शाळकरी वयातच वडिलांचं छत्र हरपलं आणि हब कामाला लागला. त्याच्या हाताला इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, होती ती कला. लोखंड कधी वाकतं, कधी तुटतं, कुठे जोड द्यायचा आणि कुठे नाही, हे त्याला पुस्तकातून नाही तर भट्टीसमोर समजलं.

नशीब उघडलं ते एका बिघडलेल्या गाडीने. आइंडहोव्हेन शहरात एक बिअरचा कारखाना होता. त्याचे संचालक हूएंगस यांची मोटार हबने दुरुस्त केली. काम बघून हूएंगस इतके खूश झाले की त्यांनी या तरुणाला स्वतःचं वर्कशॉप काढायला पैसे दिले, आणि जागाही दिली आपल्याच कारखान्याच्या आवारात. १ एप्रिल १९२८ रोजी काम सुरू झालं. एप्रिल फूलच्या दिवशी सुरू झालेला हा धंदा पुढे युरोपातल्या मोठ्या ट्रक कंपन्यांपैकी एक झाला. नाव डॅफ. आज त्याच आवारात कंपनीचं म्युझियम आहे आणि हबचं ते पहिलं वर्कशॉपही तिथे जपून ठेवलेलं आहे.

सुरुवातीला कामं किरकोळच होती. वेल्डिंग, लोखंडी सामान, शहराच्या नगरपालिकेची आणि फिलिप्स कंपनीची कामं. धाकटा भाऊ विम धंद्यात आला. हब यंत्रं बघणार, विम हिशेब आणि गिऱ्हाईक बघणार, अशी वाटणी झाली. तेवढ्यात जगभर मंदी आली. बांधकामं थांबली, ऑर्डरी आटल्या. तेव्हा दोघा भावांनी ट्रकच्या मागे जोडायचे ट्रेलर बनवायला घेतले. त्या काळी रिव्हेट ठोकून सांगाडे जोडायचे. हबने ते वेल्ड करून बनवले, त्यामुळे ट्रेलर हलका झाला आणि तेवढाच जास्त माल नेऊ लागला. १९३२ मध्ये कंपनीच्या नावात ट्रेलर हा शब्द आला आणि त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून डॅफ हे नाव तयार झालं.

मग दुसरं महायुद्ध. देश जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोल दुर्मिळ. या दिवसांत हबने स्वतःसाठी एक चिमुकली गाडी बनवली. एकाच माणसाची, कपाटाएवढी अरुंद. नाव काय, तर रेनकोट! कारण काम एवढंच, पावसात न भिजता इकडून तिकडे जायचं. ही गाडी बाजारात कधीच आली नाही. पण माणूस कळतो त्यातून. वेग, ताकद, रुबाब यापेक्षा रोजच्या अडचणीतून सुटका, हाच त्याचा विचार.

दोन पट्टे, चार पुली

युद्ध संपलं. १९४९ पासून डॅफचे स्वतःचे ट्रक रस्त्यावर आले. धंदा बसला. कुणीही म्हटलं असतं, आता निवांत बसा. हबने मात्र पन्नाशी ओलांडल्यावर प्रवासी कारचा घाट घातला.

युरोपात तेव्हा छोट्या गाड्यांची लाट होती. पण चालवायची म्हणजे क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा, गाडी बंद पडली की मागच्यांचे हॉर्न ऐका. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्या आठवड्यात जे होतं तेच. ऑटोमॅटिक गिअर होते, पण ते मोठ्या, महागड्या अमेरिकन गाड्यांत. छोट्या इंजिनाच्या गाडीत ते बसवले तर अर्धी ताकद तिथेच खर्च व्हायची.

हबने उत्तर शोधलं ते पट्ट्यात. कल्पना करा, दोन बशा पाठीला पाठ लावून ठेवल्यात आणि त्यांच्या मधल्या खाचेत एक रबरी पट्टा बसलाय. बशा जवळ आल्या की पट्टा वर कडेला सरकतो, लांब गेल्या की आत मध्याकडे उतरतो. इंजिनाकडे अशी एक जोडी आणि चाकाकडे एक जोडी. एका बाजूला पट्टा वर चढला की दुसऱ्या बाजूला खाली उतरतो. झालं, गिअर बदलला! आणि तोही पायरी न चढता, सलग. सुरुवातीला पट्टा असा बसतो की चाकाला जास्त जोर मिळतो. वेग वाढला की फिरणारी वजनं बाहेर फेकली जातात आणि पुली दाबत पट्ट्याला वेगाच्या बाजूला नेतात. इंजिनातल्या हवेच्या पोकळीचाही त्यात वापर केला होता, म्हणजे ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्याप्रमाणे पट्टा जागा बदलणार. क्लचही आपोआप, वेग वाढला की पकडणारा. ड्रायव्हरला पायाखाली दोनच पेडल.

पट्टा आणि शंकूच्या पुली ही कल्पना हबच्या आधीपासून होती. अमेरिकेत, म्हणजे या वेळी खऱ्या अमेरिकेत, मिल्टन रीव्ह्ज नावाच्या माणसाने १८९६ मध्येच आपल्या मोटारगाडीत असा प्रकार बसवला होता. पण कल्पना असणं वेगळं आणि ती लाखो गाड्यांत, थंडी-पावसात, साध्या माणसाच्या हाताखाली चालवून दाखवणं वेगळं. तिथे लोहाराचा मुलगा जिंकला.

फेब्रुवारी १९५८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात डॅफ ६०० ही गाडी लोकांनी पाहिली. ५९० सीसीचं हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद २२ हॉर्सपॉवर. मागच्या प्रत्येक चाकाला एक असे दोन पट्टे. या रचनेला नाव दिलं व्हेरिओमॅटिक. प्रदर्शनात ऑर्डरींचा पाऊस पडला आणि पुढच्या वर्षी गाड्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या.

हसणारे आणि चालवणारे

आता खरी गोष्ट सुरू होते. गाडी खपली, पण तिची टिंगलही तेवढीच झाली.

डॅफ म्हणजे आजीबाईंची गाडी, डॅफ म्हणजे ज्याला गिअर टाकता येत नाही त्याची गाडी, असं नेदरलँड्समध्ये लोक हसत. तिला एक चिडवायचं नावही पडलं होतं. कारण उघड होतं. ती गाडी बायका चालवत होत्या, म्हातारी माणसं चालवत होती, ज्यांचा एक पाय अधू आहे अशी माणसं चालवत होती. ज्यांना तोवर गाडी हा आपला प्रांतच वाटत नव्हता, ते सगळे अचानक रस्त्यावर आले. आणि रस्ता आपल्याच मालकीचा समजणाऱ्यांना ते खपलं नाही.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे आजही कट्ट्यावर हा वाद रंगतो. गिअरवाली बाइक चालवणारा तो खरा रायडर, गिअरलेस म्हणजे ताईची गाडी. कारमध्येही मॅन्युअल चालवतो तो ड्रायव्हर, ऑटोमॅटिकवाला नुसता प्रवासी. जे सोपं ते कमी दर्जाचं, हा हिशेब आपण कुठून शिकलो कोण जाणे.

टिंगलीत थोडं तथ्यही होतं, ते लपवायला नको. व्हेरिओमॅटिक चालवताना एक विचित्र अनुभव यायचा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आधी मोठ्याने गुरगुरायचं, एकाच सुरात, आणि गाडीचा वेग मागून हळूहळू यायचा. रबर ताणून सोडल्यासारखं. कान सांगतात वेग आहे, पाठ सांगते अजून नाही. कारण यात इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर टिकून राहतं आणि गिअर मागच्या मागे सरकत राहतो. यंत्राच्या दृष्टीने हे शहाणपणाचं, माणसाच्या कानाला मात्र खटकणारं. दुसरी अडचण रबराची. रबर तापतं, झिजतं आणि ओढण्याची त्याची ताकद मर्यादित असते. छोट्या इंजिनाला ठीक, मोठ्या इंजिनाला अपुरं. वेळोवेळी पट्टे बघावे लागत, बदलावे लागत.

एक मजेशीर गुणही होता. मागे जाताना पट्ट्याची रचना तीच राहायची, त्यामुळे ही गाडी पुढे जेवढ्या वेगाने जायची तेवढ्याच वेगाने मागेही जाऊ शकायची. पुढे डच लोकांनी जुन्या डॅफ गाड्या घेऊन चक्क उलट्या शर्यती भरवल्या!

व्हाया मुंबई

हसणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर मैदानात उतरायला हवं. साठच्या दशकात डॅफने व्हेरिओमॅटिक बसवलेली फॉर्म्युला थ्री रेसिंग कार उतरवली. आणि १९६८ मध्ये तर थेट लंडन ते सिडनी मॅरेथॉन रॅली. २४ नोव्हेंबरला लंडनहून निघालेल्या गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबरखिंड ओलांडत दिल्लीमार्गे आपल्या मुंबईत पोचल्या. इथून त्या बोटीवर चढल्या आणि ऑस्ट्रेलियाला उतरून पुन्हा धावल्या. या गाड्यांत डॅफ ५५ ही होती, तेच रबरी पट्टे घेऊन. आजीबाईंची गाडी म्हणून हिणवलेली ती गाडी धूळ, डोंगर, वाळवंट पार करत सिडनीला पोचली आणि १७ वी आली. निम्म्याच्या आसपास गाड्या वाटेतच गळाल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर १७ वा नंबर काय चीज आहे ते कळतं. टिकाऊपणाचा याहून मोठा पेपर कुठला असणार?

स्वीडनच्या टपाल खात्यासाठी डॅफच्याच यंत्रावर गाड्या बनल्या. दर दहा घरांना थांबायचं, परत निघायचं, अशा कामाला गिअर नसणं म्हणजे वरदान. पण बाजारात मोठ्या कंपन्यांशी टक्कर द्यायची तर नवनव्या मॉडेल्सना प्रचंड पैसा लागतो. ट्रकच्या जोरावर मोठी झालेली कंपनी कारच्या ओझ्याखाली दमू लागली. १९७२ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्होने डॅफच्या कार विभागात एक तृतीयांश हिस्सा घेतला. १९७५ मध्ये तो ७५ टक्क्यांवर गेला. डॅफ ६६ ही गाडी पुढे व्होल्व्हो ६६ या नावाने विकली जाऊ लागली. हबच्या घराण्याचं नाव कारच्या बॉनेटवरून पुसलं गेलं. ट्रकवर ते आजही आहे.

बहात्तराव्या वर्षी पुन्हा शून्यापासून

साठच्या दशकाच्या मध्यातच हब कंपनीच्या रोजच्या कारभारातून बाजूला झाला होता. त्या वयात माणसं नातवंडांना गोष्टी सांगतात. हबच्या डोक्यात मात्र एकच किडा होता, रबराचं काय करायचं?

१९७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याच्या नव्या कंपनीने टिलबर्ग शहरात काम सुरू केलं. फान डोर्न ट्रान्समिसी. उद्देश एकच, रबराऐवजी पोलादाचा पट्टा.

पोलादाचा पट्टा वाकणार कसा? इथे हबच्या कंपनीने विचारच उलटा केला. आजवरचे सगळे पट्टे ओढून काम करत. हा पट्टा ढकलून काम करणार होता. शेकडो छोट्या पोलादी चकत्या एकामागे एक उभ्या ओवायच्या, आणि त्यांना धरून ठेवायला दोन्ही बाजूंनी अगदी पातळ पोलादी कड्यांचे थर. पुढची पुली फिरली की चकत्या एकमेकींना ढकलत मागच्या पुलीपर्यंत जोर पोचवतात. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेला मागून बँकर इंजिन लावतात ना, ते डब्यांना ढकलत वर नेतं. तसंच काहीसं. चकत्यांची रांग रुळावरून घसरू नये म्हणून कड्या तिला जागेवर धरून ठेवतात. हे सगळं तेलात बुडालेलं, आणि पुलीला दाब देणारं तेलही तेच.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. प्रत्येक चकती केसाच्या अंशाइतकी अचूक हवी. एक जरी वाकडी निघाली की सगळी माळ बिघडली. प्रयोग, मोडतोड, पुन्हा प्रयोग, अशी वर्षं गेली. २३ मे १९७९ रोजी डर्न या गावी हबचं निधन झालं. तोवर त्याचा पोलादी पट्टा बसवलेली एकही कार शोरूममध्ये आली नव्हती.

त्याचं फळ नंतर आलं. १९८५ मध्ये पट्ट्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. १९८७ मध्ये सुबारू जस्टी, फोर्ड फिएस्टा, फियाट ऊनो या साध्यासुध्या, घरगुती गाड्यांत तो दिसू लागला. १९९३ मध्ये तर विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या कारमध्ये सीव्हीटी बसवून चाचणी घेतली. डेव्हिड कुल्टहार्डने ती गाडी चालवली. पण पुढच्या मोसमाच्या नियमांनी असा गिअरच बंद करून टाकला. आजीबाईंच्या गाडीतलं यंत्र जगातल्या सर्वांत वेगवान शर्यतीने दारातच अडवलं, याहून मोठी पावती कुठली! १९९५ मध्ये बॉश कंपनीने टिलबर्गची ती कंपनी विकत घेतली. आज तिथल्या तंत्राचे कोट्यवधी पट्टे जगभर फिरतात.

आपल्या रस्त्यांवर

गिअरलेस स्कूटर आपल्याकडे रुळवली ती ऐंशीच्या दशकात, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने. तिच्यात आणि आजच्या स्कूटरमध्ये तत्त्व तेच आहे: रबरी पट्टा, पुली, बाहेर फेकले जाणारे रोलर, आपोआप पकडणारा क्लच. मेकॅनिकने स्कूटरचं डावीकडचं कव्हर उघडलं की डोकावून बघा, हबची व्हेरिओमॅटिक समोर दिसेल. कारमध्ये होंडा सिटी, अमेझ, निसान मॅग्नाइट अशा गाड्यांत सीव्हीटीचा पर्याय मिळतो. स्वस्त ऑटोमॅटिक म्हणून मिळणारी एएमटी मात्र वेगळी बरं का. ती साध्या गिअरबॉक्सलाच यंत्राचा हात लावते, म्हणून गिअर बदलताना मान किंचित डुलते. सीव्हीटीत ती डुलत नाही.

मग सीव्हीटी टिकते का? सेकंडहँड गाडी घेणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. आणि याचं उत्तर हबच्या आयुष्यातच आहे. हे यंत्र दाबावर चालतं. पुलीने पट्ट्याला नेमकं धरलं पाहिजे. पकड सैल झाली की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि मग दुरुस्तीचं बिल पाहून घाम फुटतो. त्यामुळे यातलं तेल म्हणजे जीव. ते सीव्हीटीसाठीच बनवलेलं हवं, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या अंतराला बदललेलं हवं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीमधून आरमध्ये टाकायची नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक वापरायचा. बंद पडली तर वाटेल तशी ओढून न्यायची नाही. सगळं नीट असूनही कंपन्यांचे अंदाज चुकल्याची उदाहरणं आहेत. निसानला अमेरिकेत २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. म्हणजे तंत्र वाईट नाही, पण लाडकं आहे. निगा मागतं.

मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मात्र त्याला तोड नाही. दर दहा फुटांवर थांबा, निघा, थांबा, आणि डावा पाय मस्त आरामात. घाटात किंवा ओव्हरटेक करताना जोरात दाबलं की तो जुना एकसुरी गुरगुराट अजूनही ऐकू येतो. त्यावर कंपन्यांनी काढलेली युक्ती तर भारीच आहे. आता सॉफ्टवेअर या सलग यंत्राला मुद्दाम पायऱ्या पाडतं, म्हणजे चालवणाऱ्याला गिअर बदलल्यासारखं वाटावं! हबने उभं आयुष्य खर्चून जो जिना काढून टाकला, तो आपल्या सवयीच्या समाधानासाठी खोटाखोटा पुन्हा बांधला जातोय.

हबने हे पाहिलं असतं तर तो चिडला असता की हसला असता, सांगता येत नाही. पण एक गोष्ट त्याच्या कामातून स्वच्छ दिसते. चालवणं अवघड असण्यात त्याला कसलाही मोठेपणा वाटला नाही. अवघडपणा त्याने यंत्राच्या पोटात ढकलला, शेकडो चकत्यांत आणि केसाएवढ्या मापांत, म्हणजे बाहेर बसलेल्या माणसाला नुसतं निघता यावं. पहिल्यांदा स्कूटर घेऊन रस्त्यावर आलेली कॉलेजातली एखादी मुलगी, पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकणारी एखादी आई, गुडघे दुखणारे एखादे आजोबा. या सगळ्यांना निघताना गिअर आठवावा लागत नाही. बिअरच्या कारखान्याच्या आवारात वर्कशॉप थाटणाऱ्या एका लोहाराच्या पोराने ती आठवण त्यांच्या डोक्यातून कायमची काढून घेतली आहे.